कोन उचलून नेणारं हत्यार

माढ्यातल्या जुन्या दगडमातीच्या वाड्यांत काटकोन क्वचितच मिळतो. भिंती खाली रुंद आणि वर निमुळत्या, कोपरे पावसापाण्यानं आणि थरावर थर चढलेल्या गिलाव्यानं आपली जागा सोडलेले. अशा घरात फडताळ बसवायला बोलावणं आलं की मी टेपच्या आधी बेव्हल बाहेर काढतो. टेपवर लांबी कळते. भिंत कुणीकडं कलली आहे ते बेव्हलवर कळतं, आणि तो कल जसाच्या तसा धरून मला माझ्या फळीवर आणता येतो. सुतारकामातलं निम्मं कसब काटकोनात नसलेल्या गोष्टी नीट जुळवण्यात आहे असं माझं मत आहे. तरीही तरुण कारागिरांच्या पेटीत हे हत्यार मला फारसं दिसत नाही. म्हणून हा लेख.

गुण्या सगळ्यांनी पाहिलेला असतो. लाकडी दांडा, त्यात काटकोनात कायमचं ठोकलेलं पोलादी पातं. बेव्हल म्हणजे याचाच भाऊबंद, फक्त याचं पातं फिरतं आणि सरकतं. दांडा शिसवी किंवा दुसऱ्या कुठल्या टणक लाकडाचा, टोकाला पितळेची पट्टी. पात्याच्या मधोमध लांब खाच असते, खाचेतून एक स्क्रू आरपार जातो आणि बाहेरून विंगनटानं किंवा खटक्यानं आवळला जातो. पातं साधारण सहा ते बारा इंचांचं. खाचेमुळं ते एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त काढता येतं, त्यामुळं अडचणीच्या जागीही हत्यार मावतं. त्यावर आकडे नसतात, अंशांच्या खुणाही नसतात. नवख्या माणसाला वाटतं, हे अर्धवट हत्यार आहे, आकडे छापायचे राहिले. पण बेव्हलनं कोन किती अंशांचा ते सांगायचंच नसतं, तो फक्त जपायचा असतो.

वाड्यातल्या कोपऱ्याचं उदाहरण घेऊ. दीड फूट खोलीची फळी कोपऱ्यात बसवायची आहे आणि कोपरा ९० ऐवजी ९३ अंशांचा आहे. फळी गुण्याला लावून कापली तर भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये एका टोकाला जवळपास २४ मिलीमीटरची फट राहते. तिथं बोट जातं, झुरळ जातं, आणि घरमालकीण रोज तिकडंच बघते. बेव्हल वापरायचा तर दांडा एका भिंतीला टेकवायचा, पातं दुसरीला लागेपर्यंत उघडायचं, आवळायचं आणि उचलायचं. तोच दांडा फळीच्या रंधलेल्या कडेला लावून पात्याच्या कडेनं रेषा ओढायची. त्या रेषेवर करवत चालली की फळी भिंतीला चिकटून बसते. कोपरा किती अंशांचा होता हे ना मला ठाऊक, ना करवतीला. त्याची गरजही नाही.

यात एक काळजी घ्यावी लागते. मातीच्या गिलाव्याला उंचवटे असतात. बेव्हलचा दांडा सहा इंचांचा, तो नेमका उंचवट्यावर टेकला तर खोटा कोन मिळतो. म्हणून मी आधी दोन-दोन फुटांच्या सरळ पट्ट्या दोन्ही भिंतींना धरायला लावतो आणि बेव्हल त्या पट्ट्यांवर टेकवतो. म्हणजे भिंतीचा एकूण कल मिळतो, फोडापुटकुळीचा मिळत नाही. आणि कोपऱ्यात दोन पट्ट्या तिरक्या कापून जोडायच्या असतील, तर मिळालेल्या कोनाचे दोन सारखे भाग करावे लागतात. ९३ चे अर्धे साडेशेहेचाळीस, पण हा हिशेबही मी आकड्यांनी करत नाही. कोन एका फळीवर आखतो, कंपासनं टोकापासून दोन्ही बाजूंवर सारखी अंतरं मारतो, तिथून दोन कमानी ओढतो आणि त्या जिथं छेदतात तिथून रेष आणतो. सातवी-आठवीच्या भूमितीत कोन दुभागायची हीच रीत शिकवतात. बेव्हल आता त्या मधल्या रेषेवर लावायचा.

हे मी आबांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून शिकलो. पण आबांचं काम फडताळांचं नव्हतं. ते औतं करायचे: नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीची चाकं. आमचं सुतारमेट म्हणजे लिंबाच्या सावलीतलं एक छप्पर, आणि पेरणीच्या आधी तिथं माणसांची रीघ असायची. बलुत्याच्या काळात सुताराला धान्य मिळे ते याच कामाचं. पाभर करताना आबांना ज्यानं पाहिलं असेल, त्याला कोनाचं मोल वेगळं सांगावं लागणार नाही.

पाभर म्हणजे पेरणीचं औत. तिचा मुख्य भाग म्हणजे दिंड, आडवा जड ठोकळा, बहुधा बाभळीचा. त्यात फण बसतात. फण सरळ खाली उतरत नाहीत. टोकं पुढं काढून ते तिरके जातात, म्हणजे बैल ओढतील तसे जमिनीत शिरतात आणि शिरलेले राहतात. टोकाला लोखंडी फारोळं. प्रत्येक फणाच्या मागच्या अंगाला भोक, त्यात वेळूची नळी, आणि सगळ्या नळ्या वर जाऊन चाड्याला मिळतात. चाड्यावर मूठ धरणारी बाई दाणे सोडते, ते नळ्यांतून वाटले जाऊन प्रत्येक फणाच्या मागं मातीत पडतात.

आता कोन बघा. आमच्याकडं मुख्य पीक रब्बीची ज्वारी. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरातली, पाऊस ओसरत आलेला, वरची काळी माती सुकायला लागलेली आणि ओल खाली उतरलेली. दाणा पाच ते सात सेंटिमीटर खोल, ओलीत पडला तर उगवतो. वर पडला तर पाखरं खातात किंवा तो कोरड्यात वाळतो. समजा एक फण दिंडापासून टोकापर्यंत ४५ सेंटिमीटर आहे आणि जमिनीशी ६० अंशांनी उतरतो. शेजारचा फण ५८ अंशांनी उतरला तर त्याचं टोक आठ मिलीमीटर वर राहतं. दिसायला काहीच नाही. पण त्या फणाच्या मागची सगळी ओळ, बांधापासून बांधापर्यंत, पहिल्या ओळीपेक्षा उथळ पडते. कोरड्या वर्षात ती ओळ विरळ उगवते, आणि मग शेतकरी सुताराच्या दारात येतो. शिवारात उभं राहिलं की आपल्या हातचा कोन असा ओळीओळीनं दिसतो.

म्हणून आबा दिंडाच्या प्रत्येक भोकाची आखणी एकाच आवळलेल्या बेव्हलनं करायचे. पहिलं भोक आखायचं, मग नटाला हात न लावता दुसरं, तिसरं, चौथं. भोक खोदताना बेव्हल भोकाशेजारी दिंडावर उभा करायचा, पातं आभाळाकडं, आणि पटाशी त्या पात्याशी समांतर धरून घाव घालायचे. डोळा पटाशीवर नाही, पटाशी आणि पातं यांच्यामधल्या अंतरावर. ते अंतर वर-खाली सारखं दिसलं पाहिजे. नळ्यांचं आणखी वेगळं. मधल्या नळ्या जवळपास उभ्या, कडेच्या आत कललेल्या, डावीकडची उजवीकडं आणि उजवीकडची डावीकडं. त्यासाठी दोन कोन लावावे लागत नाहीत. बेव्हल उलटा केला की डाव्या बाजूचा कोन आपोआप उजव्या बाजूचा होतो. हे मला लहानपणी कळलं तेव्हा मी एका फळीवर कितीतरी वेळ नुसत्या जोडीजोडीच्या रेषा ओढत बसलो होतो.

सगळ्यात मोलाची गोष्ट भिंतीला टांगलेली असायची: सागाची एक फळी. तिची एक कड रंधून अगदी सरळ केलेली, आणि त्या कडेपासून निघणाऱ्या, टोकदार खिळ्यानं कोरलेल्या तिरक्या रेषा. प्रत्येक रेषेशेजारी एक-दोन शब्द. एकीपाशी पाभर, एकीपाशी कुळवाचं जानवळं, एकीपाशी नांगराचं रुमणं. नांगराच्या दोन रेषा होत्या, एक काळ्या रानाची, एक माळरानाची. आबांना कुळव करायचा असला की ते बेव्हलचा दांडा फळीच्या कडेला लावायचे, पातं हव्या त्या रेषेवर आणायचे, आवळायचे आणि कामाला लागायचे. त्या फळीवर एकही अंश लिहिलेला नव्हता. आबांनी कोनमापक कधी वापरला नाही. पण त्यांच्या वडिलांनी चालवून पाहिलेला, शेतकऱ्यानं बरा म्हटलेला कोन दोन पिढ्यांनंतर तसाच्या तसा लाकडात उतरत होता.

पुढं मी जहाजबांधणीबद्दल वाचलं तेव्हा ही फळी मला निराळ्याच ठिकाणी भेटली. जहाजाच्या बरगड्या नाळेकडून मधोमध आणि मधून मागं जाताना सतत आपला तिरकेपणा बदलत जातात, म्हणून बरगडी-बरगडीचा कोन वेगळा. जहाजाचे सुतार हे कोन फळीवर रेषांनी आखून ठेवत आणि बेव्हलनं उचलून लाकडावर नेत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं अशी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ साली सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. दोनशे वर्षांपूर्वीची ती सागाची बरगडी आणि आमच्या सुतारमेटातली पाभर यांच्यामागं एकच हत्यार होतं, याचा मला अभिमान वाटतो.

आबा करायचे ती लाकडी औतं आता गेली. ती का गेली, ते सांगायला हवं. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि लोखंडी नांगर गावोगाव पोचू लागले. लोखंडी नांगराचा कोन कारखान्यातच ठरलेला. जमीन बघून पाचर ठोकायची आणि सुताराकडं जायचं, हे हळूहळू थांबलं. मात्र ओतीव लोखंडाचा भाग करायचा तरी आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूतून उचलताना साचा मोडू नये म्हणून त्याच्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार द्यावा लागतो, आणि तो उतार पुन्हा बेव्हलनंच तपासतात. आमच्याच तालुक्यातल्या कुर्डुवाडीला १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी आली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, कुर्डुवाडीला कारखाना उभा राहिला आणि हातात कसब असलेल्या माणसांना गावाबाहेर पगाराची वाट मिळाली. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. पाण्यामागून ऊस आला, मागोमाग ट्रॅक्टर आणि त्याचं पेरणीयंत्र. माढ्यात आज लाकडी पाभर कुणी करून घेत नाही. त्याचं दुःख मी करत बसणार नाही, यंत्राची पेरणी सारखी पडते आणि बायकांची पाठ वाचते. पण त्यामुळं बेव्हलही गेला पाहिजे असं नाही.

बेव्हल आजच्या कामातही तितकाच लागतो. तिरक्या पायांचं स्टूल घ्या. चारही पाय बाहेर फाकलेले असले की स्टूल डगमगत नाही, पण तिरकं भोक पाडताना भले भले अडतात, कारण पाय एकाच वेळी दोन दिशांना कलतो: पुढंही आणि बाजूलाही. इथं एक सोपी युक्ती आहे. पाय शेवटी ज्या दिशेनं बाहेर जाणार ती रेषा फळीच्या खालच्या अंगाला भोकाच्या मध्यातून आखा. चौरस स्टुलात ती कर्णाची दिशा असते. बेव्हल त्या रेषेवर उभा करा आणि गिरमिट त्याच्या पात्याशी समांतर चालवा. दोन कलांऐवजी एकच कल सांभाळावा लागतो. फक्त तो कल थोडा मोठा असतो. पाय दोन्ही बाजूंना दहा-दहा अंश कलवायचा असेल तर कर्णाच्या दिशेनं तो १४ अंश होतो. ही युक्ती मी शिकाऊ मुलांना दाखवतो तेव्हा त्यांचे चेहरे उजळतात.

इथं अंश आले, म्हणून अंशांबद्दलही सांगतो. कधीकधी नकाशावर किंवा चित्रात कोन आकड्यात दिलेला असतो आणि बेव्हल त्यावर लावायचा असतो. कोनमापक असेल तर दांडा त्याच्या पायारेषेवर ठेवून पातं आकड्यावर आणा, काम झालं. पण कंपासपेटीतला कोनमापक लहान असतो आणि लहान मापावरची चूक मोठ्या फळीवर फार वाढते. एका अंशाची चूक तीन फुटांवर १६ मिलीमीटर होते. त्यापेक्षा मोठ्या फळीवर चढ आणि लांबी आखून कोन मिळवणं जास्त भरवशाचं. ५७.३ सेंटिमीटर आडवी रेषा घ्या, टोकाला गुण्यानं एक सेंटिमीटर चढ द्या, दोन्ही टोकं जोडा: तो एक अंश. छोट्या कोनांना हेच पुढं चालतं, तीन सेंटिमीटर चढ म्हणजे जवळपास तीन अंश. ६० अंश हवे असतील तर कंपासचं तोंड न बदलता एका रेषेवर दोन कमानी मारायच्या, छेद मिळतो तिथं ६० अंश. डव्हटेल जोडाला तर अंश कुणी बोलतच नाही. मऊ लाकडाला सहास एक, कठीण लाकडाला आठास एक असा उतार. फळीच्या कडेपासून सहा इंच वर, एक इंच बाजूला, रेषा ओढली, बेव्हल तिच्यावर लावला, की सगळ्या शेपट्या एका उताराच्या.

बेव्हल विकत घेताना मी एकच गोष्ट बघतो, आवळ. नट हातानं आवळायचा, दांडा घट्ट धरायचा आणि पात्याचं टोक अंगठ्यानं दाबायचं. हललं तर ते हत्यार दुकानातच ठेवावं, कारण कोन धरून ठेवता येत नसेल तर त्याचा उपयोग नाही. दुसरं, पात्याच्या दोन्ही कडांनी कागदावर रेषा ओढायच्या आणि दोन्ही टोकांना अंतर मोजायचं. सारखं नसेल तर कुठल्या कडेनं आखलं त्यावर कोन बदलेल. कामात एक सवय लावून घ्यावी. कोन आवळला की आधी तो टाकाऊ फळीवर आखून ठेवायचा. दिवसभरात बेव्हल खाली पडतो, कुणाचा धक्का लागतो. संध्याकाळी त्या रेषेवर ठेवून बघितलं की कोन सरकला की नाही ते लगेच कळतं. दांडा लाकडाच्या ज्या बाजूला टेकवायचा ती बाजू ठरवून तिच्यावर पेन्सिलीची खूण करावी आणि सगळ्या रेषा त्याच बाजूवरून ओढाव्यात. आणि कापायच्या आधी टाकाऊ भागावर फुल्या माराव्यात, कारण एकाच बेव्हलनं ८७ ही मिळतात आणि ९३ ही, दांडा कुणीकडून लावला यावर सगळं अवलंबून असतं.

बाजारात आता डिजिटल कोनमापक मिळतात, अंशाचा दहावा भाग दाखवणारे. चांगली हत्यारं आहेत, मीही वापरली आहेत. पण यंत्रकरवतीचं पातं कलवायचं चाक बहुतेक अर्ध्या-एका अंशाच्याच खुणा दाखवतं. म्हणजे कोपऱ्यात ९३.७ वाचलं आणि यंत्रावर अंदाजानं लावलं, तर मोजलेली बारकाई तिथंच गळून जाते. बेव्हल मात्र कोपऱ्यातून उचलून, वीज बंद करून, थेट करवतीच्या पात्याशी उभा करता येतो. पात्याला पातं लागलं की कोन लागला. मधे आकडा नाही, म्हणून आकडा वाचण्यातली आणि लावण्यातली चूकही नाही. प्लायवूड आणि तयार मापांच्या कामात वाढलेल्या मुलांना मी हेच सांगतो. आयटीआयच्या कार्पेंटर ट्रेडमध्ये बेव्हल दाखवतात, पण तो हातात बसायला तिरकं काम करावं लागतं. त्यांना एक तिरक्या पायांचं स्टूल करायला द्या. विकत घेणं परवडत नसेल तर सागाच्या दोन सरळ पट्ट्या, एक बोल्ट, एक विंगनट आणि दोन वॉशर यांतून चालणारा बेव्हल घरी करता येतो. पट्ट्यांच्या कडा समांतर असल्या म्हणजे झालं.

माझं एक मागणं आहे, सुतारांना आणि शेतकऱ्यांनाही. माढा, करमाळा, मोहोळ, बार्शी या भागात जुन्या गोठ्यांतून, माळवदांवर आणि वळचणीला लाकडी पाभरी, कुळव, नांगर अजून पडलेले आहेत. वाळवी लागली की ते चुलीत जातात. जळणात टाकण्याआधी एक सरळ फळी घ्या, बेव्हल त्या फणाला, जानवळ्याला, रुमण्याला लावा आणि कोन फळीवर उतरवा. शेजारी औताचं नाव, गावाचं नाव आणि रान काळं की माळाचं ते लिहा. ती फळी गावच्या शाळेत द्या किंवा जवळच्या आयटीआयच्या कार्यशाळेत. बेव्हल नसेल आणि माढ्याच्या आसपास राहत असाल तर माझ्याकडं या, मी देतो.